पहिल्या ओळखीच्या पाहुण्यांना तांबडा-पांढरा: काय करावं, किती करावं, कधी करावं

पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे, नुकतेच कोल्हापुरात राजारामपुरीत राहायला आलो आहोत. सोसायटीतल्या दोन कुटुंबांशी ओळख झाली आणि त्यांना येत्या शनिवारी रात्री जेवायला बोलवायचं ठरलं. चार मोठी माणसं, ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि आम्ही दोघं, असे आठजण. एक जोडपं अस्सल इथलं, मटणाचं शौकीन. दुसऱ्या घरातल्या वहिनी शाकाहारी आहेत, बाकी सगळे मटण खातात. तांबडा-पांढरा करायची फार इच्छा आहे, पण कोल्हापूरच्या माणसांपुढे ठेवायचा म्हणून धाकधूक वाटते. मागे केला तेव्हा पांढरा रस्सा फाटला, रंगही पिवळट आला. घरात दोन शेगड्यांचा गॅस, पाच लिटरचा कुकर आणि मिक्सर आहे. घरी करावं की बाहेरून मागवावं? किती करावं?

– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर:

मटण, दोन्ही रस्से आणि शाकाहारी भाज्या घरी करा. भाकरी आणि गोड बाहेरून आणा. रस्सा बाहेरचा आणि सुकं घरचं अशी सरमिसळ मात्र करू नका, दोघांच्या मिठाचा आणि तिखटाचा मेळ बसत नाही.

ज्यांच्या जिभेचा अंदाज नाही अशा पाहुण्यांसाठी कोल्हापुरी मटणाच्या ताटासारखं सोयीचं दुसरं जेवण नाही. मटण एकदाच शिजतं. त्याच अळणी पाण्यातून, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यातून, मुलांसाठी बिनतिखटाचं सूप निघतं, सौम्य पांढरा निघतो आणि तिखट तांबडाही निघतो. ज्याला जेवढं झेपेल तेवढं तो आपल्या ताटात जुळवून घेतो. म्हणून तिखटाचा प्रश्न चुलीवर सोडवायला जाऊ नका. तांबडा मध्यम तिखट ठेवा आणि शेजारी हिरव्या मिरचीचा खर्डा ठेवा. शौकीन मंडळी खर्ड्याकडे वळतील, बाकीचे पांढऱ्याच्या वाटीकडे.

बाजारात जाण्याआधी दोन्ही घरी फोन करा. पहिला प्रश्न वाराचा. शनिवारी मटण न खाणारी घरं पुष्कळ आहेत. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, शिवाय एकादशी, संकष्टी. सरळ विचारा, "शनिवार पाळत नाही ना तुमच्याकडे?" पाळत असतील तर बेत रविवारी रात्रीवर ढकला. दुसरा प्रश्न वहिनींच्या शाकाहाराचा: कांदा-लसूण चालतो का? कोल्हापूर-सांगली भागात जैन कुटुंबं बरीच आहेत. त्यांतली काही कंदमुळं खात नाहीत, वांगंही टाळतात, आणि काहीजण सूर्यास्तापूर्वी जेवतात. तसं असेल तर सगळ्यांनाच साडेपाचला बोलवा, वहिनींना एकटीला आधी जेवू घालू नका. मग भाज्याही बदलतील: साधं वरण आणि पीठ पेरून ढोबळी मिरची, दोन्ही कांदा-लसणाशिवाय. तिसरा प्रश्न: काजू, शेंगदाणे किंवा तीळ कुणाला बाधतात का? पांढऱ्यात काजू आणि तीळ दोन्ही असतात, म्हणून हे विचारायला विसरू नका.

बेत असा ठेवा: आल्याआल्या भडंग. ताटात सुकं मटण, तांबडा, पांढरा, अख्खा मसूर, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, घनसाळ तांदळाचा भात, दही-कांदा, लिंबू, खर्डा. शेवटी गोड. यात एकही पदार्थ वाढवू नका. खिमा, अंडी, तळलेले मासे असं काही सुचेल, पण दोन शेगड्यांवर ते जमणार नाही आणि पाहुणे हॉलमध्ये बसलेले असताना तुम्ही स्वयंपाकघरात अडकाल. नव्या ओळखीत तेच सगळ्यात वाईट.

मटण खाणारे पाच मोठे आणि दोन मुलं. मोठ्यांना हाडासकट २५० ग्रॅम आणि मुलांना निम्मं धरलं तर दीड किलो होतं. लहान बोकडाचं घ्या, चरबी पांढरी आणि मांस गुलाबीसर लाल असलेलं. निम्मी मांडी, निम्मा खांदा आणि चाप, वर दोन-तीन नळ्या मागून घ्या. रश्शाला चव हाडांची येते, नुसत्या मांडीचं मटण घेतलं तर सुकं छान होईल पण पांढरा पाणचट लागेल. सकाळी आणून दोनदा पाण्यातून काढा, पाण्यात भिजवत ठेवू नका. दोन चहाचे चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण लावून फ्रिजमध्ये ठेवा.

तुमचा पांढरा पिवळा का झाला, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. मटणाला हळद लावली की ती सगळ्या अळणी पाण्यात उतरते आणि नारळाचं दूध ती झाकू शकत नाही. पांढरा करायचा असेल तेव्हा मटणाला हळद लावूच नका. तांबड्याला आणि सुक्याला ती नंतर फोडणीत घाला. आलं-लसणाच्या वाटणात कोथिंबीरही नको, पाण्याला हिरवट झाक येते.

वाटण आदल्या रात्री करून ठेवा. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर तांबूस भाजा. काळं पडू देऊ नका, त्याचा कडवटपणा नंतर कशानंही जात नाही. चार मध्यम कांदे सालासकट जाळीवर भाजून सोला. तीन मोठे चमचे तीळ, एक मोठा चमचा खसखस वेगवेगळी भाजा, खसखस क्षणात जळते. वीस पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर घालून अगदी कमी पाण्यात बारीक वाटा. याचे लगेच तीन वाटे करा: निम्मं तांबड्याला, पाव सुक्याला, पाव भाज्यांना. भाज्यांचा वाटा आधी स्वच्छ डब्यात काढून झाकून ठेवा. मटणाचा डाव नंतर चुकून त्यात जाण्याची भीती राहत नाही.

शनिवारी दुपारी साडेतीनला सुरुवात करा. मटण सकाळीच शिजवून ओट्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात पाच-सहा तासांत अळणी पाणी आंबू लागतं. कुकरमध्ये दोन मोठे चमचे तेलात एक मोठा कांदा मऊ करा, लाल नको. मटण घालून मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं परता. त्याला पाणी सुटेल, ते आटू द्या, मग दीड लिटर उकळतं पाणी घाला. पाच लिटरच्या कुकरमध्ये दीड किलो मटणावर याहून जास्त पाणी मावत नाही, कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. एक शिट्टी, मग मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. मटण हाडापासून सुटायला लागलेलं हवं, पण तुकडा मोडता कामा नये, सुक्यात ते अजून शिजणार आहे.

आता हे सगळं मोठ्या पातेल्यात ओता, आणखी दीड लिटर उकळतं पाणी घालून दहा मिनिटं खळाळू द्या. गार पाणी घातलं तर उकळी मोडते, चवही पातळ लागते. तुकडे झाऱ्याने काढून घ्या. तीन लिटरच्या आसपास अळणी मिळेल. ते पाच मिनिटं स्थिर ठेवलं की वर पिवळी चरबी तरंगते. ती डावाने अलगद उचलून वाटीत काढा. पांढऱ्यात राहिली तर रंग आणि चव दोन्ही जड होतात, तांबड्याच्या फोडणीत गेली तर कट, म्हणजे वर तरंगणारा लाल तेलाचा थर, सुंदर येतो. मग अळणीची वाटणी: एक लिटर पांढऱ्याला, दीड लिटर तांबड्याला, उरलेलं सुक्याला आणि मुलांना. मुलांसाठी दोन-तीन मऊ तुकडेही बाजूला ठेवा.

तांबडा. पातेल्यात चार मोठे चमचे तेल आणि ती काढलेली चरबी तापवा. गॅस बंद करून अर्धा चमचा हळद, तीन मोठे चमचे कांदा-लसूण चटणी (इथला तिखट मसाला) आणि रंगासाठी एक चमचा ब्याडगीची पूड घाला. चालू आचेवर चटणी घातली की ती दहा सेकंदांत करपते आणि रस्सा तपकिरी होतो. अर्ध्या मिनिटाने गॅस मंद सुरू करून वाटण घाला आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता. याला दहा-बारा मिनिटं लागतात, घाई इथेच होते. कट आला नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा वाटण कच्चं राहिलेलं असतं, नाहीतर वर गार पाणी पडलेलं असतं. मग कडकडीत अळणी घाला, दहा मिनिटं मोठ्या आचेवर, दहा मिनिटं मंद. मीठ अगदी शेवटी, कारण अळणीत मीठ आहे आणि चटणीतही असतं.

चटणी कुठली आणली यावर सगळं अवलंबून आहे. संकेश्वरी मिरचीची चटणी ब्याडगीच्या चटणीहून बरीच तिखट असते. आणल्यावर अर्धा चमचा चटणी गरम तेलात कालवून भाकरीच्या तुकड्याला लावून चाखा आणि मग तीन चमचे घालायचे की दोन, ते ठरवा. रस्सा फार तिखट झालाच तर पाणी घालू नका. दोन चमचे ओलं खोबरं बारीक वाटून घाला आणि पाच मिनिटं उकळा. आणि एक कळकळीची विनंती: नाशिकचा काळा मसाला यात मिसळू नका. त्यातल्या दगडफुलाची चव पुढे येते, रंग काळपट होतो आणि रस्सा धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा. तुमचा काळ्या मसाल्याचा रस्सा फार चांगला पदार्थ आहे. पुढच्या खेपेला तो एकटा करा, इथल्या लोकांना तो रोज मिळत नाही.

सुकं दुसऱ्या शेगडीवर त्याच वेळी होतं. चार मोठे चमचे तेलात दोन बारीक चिरलेले कांदे गडद तांबूस करा, त्यात थोडी हळद, दोन मोठे चमचे चटणी, वाटणाचा पाव वाटा, मग तुकडे आणि एक वाटी अळणी. झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा मिनिटं. सारखं ढवळलं की तुकडे मोडतात, पातेलंच हलवा.

आता पांढरा. हा खरा जपायचा पदार्थ. नारळाच्या दुधातले स्निग्ध कण पाण्यात तरंगत राहतात ते त्यातल्या प्रथिनांच्या आधाराने. खळखळून उकळी आली की ही प्रथिनं गोठतात, आधार सुटतो, तेल वर येतं आणि खाली चोथा दिसतो. यालाच आपण फाटणं म्हणतो. आंबट पडलं किंवा गार दूध एकदम उकळत्या पाण्यात ओतलं तरी तेच होतं. म्हणून पांढऱ्याला दही नाही, टोमॅटो नाही, लिंबूही नाही. लिंबू ज्याचं त्याने ताटात पिळावं.

एक मोठा ओला नारळ खवून कोमट पाण्यात मिक्सरमधून काढा. पहिलं दाट दूध एक ते सव्वा वाटी निघालं पाहिजे, ते वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं पातळ दूध दीड वाटी काढा. दूध त्याच संध्याकाळी काढा, आदल्या दिवशीचं आंबूस होतं. बारा-पंधरा काजू, एक मोठा चमचा खसखस, एक मोठा चमचा पांढरे तीळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखे मऊ वाटा आणि हे वाटण गाळून घ्या. तिळाचे रवाळ कण राहिले की रस्सा घशात खरखरतो. हे वाटण चवीसाठी आहेच, पण दुधाला धरून ठेवण्याचं कामही तेच करतं, म्हणून काजू वाचवू नका.

दोन मोठे चमचे तुपात तमालपत्र, दोन वेलदोडे, चार लवंगा, दालचिनीचे दोन छोटे तुकडे, सात-आठ मिरे आणि तीन हिरव्या मिरच्या चीर देऊन घाला. चमचाभर आलं-लसूण, मग काजूचं वाटण. मंद आचेवर दोन मिनिटं, सतत हलवत, रंग बदलू न देता. गरम अळणी थोडं थोडं घालत सारखं करा, पाच मिनिटं उकळा, मीठ इथेच नीट बघा. मग पातळ दूध घालून एक हलकी उकळी, आणि गॅस बंद. इथवर सव्वासातपर्यंत करून ठेवा.

शेवटचा टप्पा पाहुणे पानावर बसायच्या पाच मिनिटं आधी. पातेलं मंद आचेवर ठेवा. दाट दुधाच्या भांड्यात आधी एक डाव गरम रस्सा घालून ढवळा, म्हणजे दूध कोमट होईल. मग ते बारीक धारेने पातेल्यात सोडत ढवळत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफ आली की लगेच उतरवा. घट्ट झाकण ठेवू नका, आतल्या उष्णतेने तो पुन्हा उकळीला येतो. दुसऱ्यांदा वाढताना गरम करायचा झाला तर गॅसवर नको, पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात धरा. आणि तरीही फाटला तर टाकू नका. थोडा निवू द्या, खडा मसाला काढा, आणखी पाच-सहा काजूंची पेस्ट घालून मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. चवीत फरक पडत नाही. अगदीच धीर होत नसेल तर पाकिटातलं नारळाचं दूध वापरा. त्यात दूध फाटू नये म्हणून घातलेले घटक असतात, ते बरंच सहन करतं. ताज्या नारळाचा वास मात्र त्याला नाही.

शनिवारच्या आधी एकदा पाव किलो मटण आणि अर्ध्या नारळावर पांढरा करून बघाच. तुमच्या गॅसची मंद आच नेमकी किती मंद आहे हे तेव्हाच कळतं.

वहिनींच्या ताटाकडे तेवढंच लक्ष हवं. अख्खा मसूर पाव किलो, चार तास भिजवून दोन शिट्ट्यांत शिजवा, दाणा अख्खा पण बोटाने दाबला की मोडणारा. कुकर एकच आहे म्हणून मसूर मटणाच्या आधी, दुपारी तीनलाच उरकून घ्या. फोडणीला तीन कांदे, दोन टोमॅटो, दोन चमचे चटणी, भाज्यांच्या वाटणातला निम्मा भाग. हा आधी करून ठेवला तर आणखी मुरतो. भरली वांगी आठ-दहा लहान, काटेरी देठाची. उरलेल्या वाटणात अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट, चमचाभर चटणी, थोडा गूळ, मीठ कालवून भरा आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. या दोन भाज्यांचे डाव, चमचे, पातेली वेगळी. भात साध्या पाण्यातच शिजवा, अळणीत नको, म्हणजे तो सगळ्यांना चालेल. आजऱ्याचा घनसाळ अर्धा किलो आठजणांना भाकरीनंतर पुरतो. त्याचा सुवास रश्शाबरोबर उठून दिसतो. नवा तांदूळ असेल तर पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी.

भाकरी स्वतः करू नका. गरम भाकरी म्हणजे जेवण संपेपर्यंत एकजण तव्यापाशी. घराजवळच्या पोळी-भाकरी केंद्रात बारा भाकरी आणि मुलांसाठी सहा चपात्या आदल्या दिवशी सांगून ठेवा, पावणेआठला आणा, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

वेळेचा हिशेब: तीनला मसूर, साडेतीनला मटण, पावणेपाचला तांबडा आणि सुकं एकाच वेळी, सहाला वांगी आणि मसुराची फोडणी, पावणेसातला भात आणि पांढऱ्याचा पहिला टप्पा. सव्वासातला गॅस बंद. पाहुण्यांना साडेसात सांगा, पावणेआठ-आठ होतातच. तोवर पाव किलो भडंग पुरे. कांदा, कोथिंबीर, लिंबू त्यात समोर बसल्यावर घाला, आधी घातलं की मऊ पडतं.

वाट्या मोजून ठेवा. मटण खाणाऱ्याला दोन रश्शांच्या दोन, शिवाय मसुराची एक, म्हणजे आठजणांना चोवीसच्या आसपास. ऐन वेळी शेजारून मागायची वेळ येऊ नये. आधी मुलांना वाढा: अळणी, भात, मऊ तुकडे. वहिनींच्या ताटात मसूर-वांगी मटणाच्या आधी पडू द्या आणि तेच पदार्थ सगळ्यांना वाढा. सुक्याचा आग्रह करा, रश्शाचा नको, रस्सा पिणारा आपणहून वाटी पुढे करतो.

गोडाला नृसिंहवाडीची कवठाची बर्फी अर्धा किलो आणा. वाडीची बासुंदीही उत्तम, पण मटणावर दूध न घेणारी माणसं असतात.

उरलेलं मटण आणि तांबडा रात्रीच निवल्यावर फ्रिजमध्ये टाका, सकाळी खळखळून उकळा, चव वाढलेली असते. उरलेल्या पांढऱ्याचं तसं होत नाही, तो त्याच रात्री भातावर संपवा.